सासूबाईंचे एकशे त्र्याऐंशी दिवस

दोन हजार पाच साली माझं माझ्या सासूबाईंवर एकशे त्र्याऐंशी दिवसांचं प्रेम बसलं.

त्याआधीही आमचे संबंध उत्तम होते. म्हणजे त्या अकोल्याला होत्या आणि मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला. सासूबाईंनी अकोल्यातल्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेलं. लग्न ठरवताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "बी.ई.ला मॅथ्समध्ये किती मिळाले होते?" मी खरं ते सांगितलं. एक्केचाळीस. त्यावर त्या म्हणाल्या, "पासिंग चाळीसला असेल, नाही का?" मी हो म्हटलं आणि त्यानंतर दहा वर्षं त्यांनी मला कुठलाही प्रश्न विचारला नाही. मुलगी मात्र दिली, हे त्यांचं मोठेपण.

सासरे गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन वर्षं मागे लागून त्यांना अमेरिकेला यायला तयार केलं. आठ मे रोजी त्या नेवार्कला उतरल्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टात सहा महिन्यांचा शिक्का मारून दिला, पण सासूबाईंनी परतीचं तिकीट दोन ऑक्टोबरचंच काढलं होतं. मी मनातल्या मनात शनिवार-रविवार मोजले. एकवीस निघाले. (एकवीस वीकएंड मी घरात बनियनवर फिरू शकणार नव्हतो.)

दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये शिरीष भेटला. शिरीष मूळचा मुंबईचा, माझ्याच टीममध्ये, आणि अमेरिकेतल्या कुठल्याही कायद्यातून आपल्याला काय मिळतं एवढं त्याला तोंडपाठ असे.

"सासू आलीय ना तुझी? कधीपर्यंत?"

"दोन ऑक्टोबर."

"वेडा आहेस का यार? नोव्हेंबरपर्यंत ठेव. डिपेंडंट दाखव टॅक्समध्ये."

"सासूला?"

"सासू, आई, बाप, कुणालाही. वर्षात एकशे त्र्याऐंशी दिवस इथे राहिली की टॅक्सपुरती ती इथली रहिवासी. तुझ्या घरात राहते, तुझ्या पैशानं जेवते, मग डिपेंडंटच झाली की. मी गेल्या वर्षी आईला दाखवलं. मस्त रिफंड आला."

"आणि बाकी काही अटी?"

"असतात रे बारीकसारीक. तिचं स्वतःचं उत्पन्न जास्त नको, वगैरे. तिला कसलं उत्पन्न असणार?"

मी विचार केला. सासूबाईंना पेन्शन होतं, एवढं मला माहीत होतं. पण आमच्या लग्नाच्या पंगतीत माझ्या काकांनी त्यांना पेन्शनबद्दल विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मिळतं मीठमिरचीपुरतं." मीठमिरचीला किती लागतात? मी तो विषय तिथेच संपवला. शिवाय जावयानं सासूला पेन्शनचा आकडा विचारायचा नसतो. (सासूनं जावयाला पगार विचारला तर चालतो. ती आपुलकीनं केलेली चौकशी असते.) येणाऱ्या रिफंडमध्ये भिंतीवरच्या टीव्हीचा निदान अर्धा भाग बसत होता. घरी जाताना मी दुकानात थांबून तो अर्धा भाग डोळे भरून पाहूनही आलो.

त्या शनिवारी नाश्त्याला मी विषय काढला.

"आई, दोन ऑक्टोबर म्हणजे फारच लवकर होतंय."

मेधाच्या हातातला झारा पोह्यांत तसाच राहिला. सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काहून बरं?"

"एवढ्या लांब आलात. सहा महिने पूर्ण राहा. सात नोव्हेंबरचं तिकीट करून देतो मी."

"दिवाळी पहिल्या आठवड्यातच आहे नं. अन् त्याच्याआधी तेवीस ऑक्टोबरला, रविवारी, आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, जावईबापू. मी तिथलीच विद्यार्थिनी, तिथलीच बाई. माझा सत्कार ठेवला त्यांनी. भाषण सांगितलं करायला."

मेधा म्हणाली, "अरे, तिला जाऊ दे. ती चार महिने भाषणाची तयारी करतेय."

आणि मी म्हणालो (आजही हे वाक्य आठवलं की मला भरधाव गाडीतून उतरावंसं वाटतं), "भाषण काय, कुणीही वाचून दाखवेल. आम्हाला तुमचा सहवास पुन्हा कधी मिळणार?"

 पोह्यांवरची कोथिंबीर सासूबाईंनी बोटानं एका बाजूला सारली.

"खरंच राहू म्हणता?"

"खरंच."

आणि गंमत म्हणजे मी अगदी मनापासून म्हणत होतो. मला त्या हव्याच होत्या. दिवसांच्या संख्येसह हव्या होत्या.

त्या राहिल्या. शाळेला पत्र गेलं, की तब्येत उत्तम आहे पण जावई सोडत नाहीत, तरी माझं भाषण आपल्यापैकी कुणी वाचावं. मी तिकीट बदललं. डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता मेधानं मला गाठलं.

"खरं सांग. नोकरी गेली का?"

"नाही."

"मग कसली टेस्ट वगैरे केलीस? काही रिपोर्ट आलाय?"

"अगं, मला प्रेम वाटतं त्यांच्याबद्दल."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग एकदम तिचे डोळे भरून आले आणि मला म्हणाली, "मी तुला फार चुकीचं समजत होते रे." आता यानंतर माणूस टॅक्सचं कसं सांगणार? मी बशा लावत राहिलो.

जुलैत टोरांटोहून फोन आला. सासूबाईंची भाची तिथे होती. "मावशीला पंधरा दिवस पाठवा, व्हिसाचं मी बघते."  देशाबाहेर काढलेला दिवस मोजणीत धरत नाहीत. म्हणजे पंधराचे पंधरा गेले!

"आई, कॅनडात फार थंडी असते."

"जुलैत?"

"जुलैत तर विचारूच नका."

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ब्याण्णव डिग्री फॅरनहाइट होतं. त्या म्हणाल्या, "बरं, तुम्ही म्हणता तर," आणि भाचीला कळवलं की जावयाला एक दिवसही करमत नाही.

ही बातमी टोरांटोहून न्यू जर्सीत यायला चार दिवस लागले. गणपतीच्या कार्यक्रमापर्यंत माझी कीर्ती पार एडिसन गावापर्यंत गेली होती. लोक बायकामुलांना लांबून दाखवायचे, ते बघ, ते सासूला जाऊ न देणारे. अनोळखी काकू माझ्या डोक्यावर हात ठेवून जायच्या. पुरुषमंडळी मात्र माझ्याशी तुटक वागू लागली. पार्किंग लॉटमध्ये एका गृहस्थानं मला अडवलं आणि शांतपणे सांगितलं, "तुझ्यामुळे आमच्याकडे दोन महिने एक्स्टेंड झालं. लक्षात ठेवीन." स्टेजवर मला नारळ दिला आणि 'सासू-जावई : एक जिव्हाळ्याचं नातं' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनच बोललो. समोर पहिल्या रांगेत सासूबाई काठापदराची साडी नेसून बसल्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या.

खरं सांगायचं तर एव्हाना मला त्यांचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. बाईंना इंग्रजी बोलायचा सराव नव्हता, गाडी चालवता येत नव्हती, आणि आमच्या भागात फुटपाथ म्हणजे कुठेतरी सुरू होऊन कुठेतरी संपणारा प्रकार. तरी त्या साडीखाली मेधाचे बूट घालून रोज लायब्ररीत चालत जायच्या. तिथल्या बाईंशी त्यांची मैत्री झाली. दोघी एकमेकींना सुडोकू घालायच्या. वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीचा आकडा यायच्या आत यांचा यायचा, आणि दोन वेळा यांचाच बरोबर निघाला. आमच्या कॉम्प्लेक्समधली सात-आठ पोरं त्यांनी शनिवारी खालच्या हॉलमध्ये जमवली आणि त्यांना निमकी-पाऊणकीचे जुने पाढे शिकवायला घेतले. आमची रेवा तेव्हा आठ वर्षांची. ती गाडीत मागच्या सीटवर पाऊणकी म्हणायची आणि मध्येच मला विचारायची, "बाबा, सेव्हन पाऊण हाऊ मच? क्विक." मी सिग्नलकडे लक्ष असल्याचं दाखवायचो.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज सकाळी एक लाल फुली मारायचो आणि कोपऱ्यात बारीक आकडा लिहायचो. नव्वद, एक्क्याण्णव. एके दिवशी मेधाला ते दिसलं. तिनं आईला कॅलेंडरसमोर उभं केलं आणि गहिवरून म्हणाली, "बघ, तू जाणार म्हणून हा एकेक दिवस मोजतोय." सासूबाई त्या आकड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला पुरणपोळी मिळाली. मी ती खाल्ली. (आता सांगायला हरकत नाही, चार खाल्ल्या.)

मन खायला लागलं ते सप्टेंबरमध्ये. मी खाली लाँड्रीच्या खोलीत कपडे घेऊन गेलो, तर आतून सासूबाईंचा आवाज आला. कपडे वाळवायचं मशीन फिरत होतं आणि त्याच्यासमोर कागद धरून त्या भाषण म्हणत होत्या. शाळेच्या पहिल्या वर्गाला फळा नव्हता, बाई जमिनीवर खडूनं गणित मांडायच्या, असं काहीतरी होतं ते. मी खाकरलो.

"आई, भाषण तर तुमच्या शाळेतले कुळकर्णी सर वाचणार आहेत ना?"

"हो नं. पण ते घाई करतात वाचताना. कुठं थांबायचं ते कागदावर खुणा करून पाठवते. त्यासाठी आधी म्हणून बघावं लागतं."

कागदावर पेन्सिलनं बारीक उभ्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेला एक श्वास. त्या क्षणी मी सगळं सांगून टाकायला हवं होतं. मला लाज वाटली, खूप वाटली. मी वर गेलो, गाडी काढली आणि त्यांच्यासाठी एक किलो काजूकतली घेऊन आलो.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एकशे सत्तावन्नाव्या फुलीच्या दिवशी, शिरीषनं आठवण केली. डिपेंडंट दाखवायचं तर सासूबाईंच्या नावानं टॅक्सचा नंबर लागणार, त्याचा फॉर्म त्यांच्या सहीचा हवा आणि पासपोर्टची प्रत नोटरी केलेली हवी, आणि हे सगळं त्या जायच्या आत. माहितीचे कागद त्यानं छापून दिले. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं की बँकेत एक सही करायची आहे. शनिवारी सकाळी आम्ही दोघं बँकेत गेलो. नोटरी बाई शिक्का घेऊन तयार बसल्या होत्या.

माझा अंदाज होता की मी बोटानं दाखवीन तिथे सासूबाई सही करतील. चौतीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईंबद्दल मी असा अंदाज कसा केला, देव जाणे! त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. इंग्रजी बोलायला त्या अडखळायच्या. वाचायला मुळीच नाही. एक पान झालं, दुसरं झालं. नोटरी बाईंनी विचारलं, "आर वी साइनिंग टुडे?" सासूबाईंनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. नोटरी बाई चुपचाप बसल्या. तो हात पाहून अकोल्यातल्या चाळीस-चाळीस मुली चुपचाप बसत असणार.

अटींच्या यादीशी त्या आल्या. पहिल्या अटीपुढे त्यांनी बरोबरची खूण केली. दुसऱ्या अटीपुढे पेन्सिल थांबली.

"जावईबापू, ही दुसरी अट वाचली का तुम्ही?"

"कुठली?"

"उत्पन्नाची. आकडा दिला आहे इथं. माझं याच्यावर जाते."

"कसं जाईल? तुम्हाला पेन्शन मीठमिरचीपुरतं आहे ना?"

"मीठमिरचीपुरतं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. आमच्या लग्नात. पंगतीत."

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मग काय, पंगतीत आकडा सांगू?"

 साधंसंच जेवण आहे म्हणून ज्या घरात बोलावतात तिथून पोटाला तडस लागून बाहेर पडलेला माणूस मी. छोटीशी जागा घेतली म्हणणाऱ्यांचे बंगले पाहिलेला. आपल्याकडे कमाईबद्दल कुणी कधी खरा आकडा सांगत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण हे एक वाक्य मी सरकारी दाखल्यासारखं धरून बसलो होतो, कारण ते मला सोयीचं होतं.

"माझं एक पेन्शन," सासूबाई कागदाच्या मागे लिहीत म्हणाल्या. "ह्यांच्या मागं मला मिळतं ते दुसरं. वरच्या मजल्याचं भाडं. सगळ्याला बारानं गुणा. डॉलरला पंचेचाळीस धरा." कागदावर भागाकाराची रेघ ओढायच्या आधीच त्यांनी उत्तर सांगितलं. ते अटीतल्या आकड्याच्या पुढे गेलं होतं, आणि थोडंथोडकं नाही. माझी खात्री होईना म्हणून मी मोबाइलवर करून पाहिलं. तेच आलं.

मग त्या पुन्हा पहिल्या अटीकडे वळल्या. एकशे त्र्याऐंशी या आकड्याखाली त्यांनी पेन्सिलनं रेघ ओढली, आणि मला कळलं की आता त्यांना सगळं कळलं. कॅनडाची थंडी कळली, सात नोव्हेंबर कळलं, कॅलेंडर कळलं. नोटरी बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून बहुधा भाषांतर होत होतं.

"आई, माझं चुकलं."

"एवढंच होतं तर मे महिन्यात विचारायचं नं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एका मिनिटात सांगितलं असतं. अन् मी माझं भाषण केलं असतं." कागद नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात दिले, नोटरी बाईंना "थँक यू" म्हणाल्या आणि बाहेर जाऊन गाडीजवळ उभ्या राहिल्या.

आम्ही गाडीत बसलो. मी गाडी बँकेच्या पार्किंगमध्येच उभी ठेवली आणि विमान कंपनीला फोन लावला. पुढच्या रविवारी अकोल्यात कार्यक्रम होता, म्हणजे हातात आठ दिवस. फोनवर चाळीस मिनिटं सनई वाजावी तसं संगीत वाजलं. मग एका मुलीनं सांगितलं की मंगळवारी एकच सीट आहे, शेवटच्या रांगेतली, मधली. तिकीट बदलायची रक्कम तिनं सांगितली तेव्हा टीव्हीचा तो अर्धा भाग माझ्या डोळ्यांसमोर एकदा लकाकून विझला. मी म्हटलं, द्या.

सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "राहू द्या. कुळकर्णी सरांना सांगून झालं आता."

"ते घाई करतात, आई," मी म्हणालो.

 पर्समधून काजूकतलीचा एक तुकडा काढून त्यांनी पुढे केला. मी तो घेतला.

मेधाला सांगणं बाकी होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या आईला तू कूपनसारखं वापरलंस?" यानंतर तीन दिवस ती माझ्याशी रेवामार्फत बोलली. ("बाबा, आई सेज युवर डिनर इज इन द फ्रिज. सो इज युवर फ्यूचर.") या तीन दिवसांत बॅगा भरल्या गेल्या, खालच्या हॉलमधल्या पोरांनी आजींना कार्ड दिलं, लायब्ररीतल्या बाई सुडोकूचं पुस्तक घेऊन घरी आल्या, आणि मी प्रत्येक बॅग सात-सात वेळा वजन करून पाहिली, कारण मला दुसरं काही काम कुणी देत नव्हतं.

मंगळवारी नेवार्कला मेधा आणि रेवा चेक-इनच्या रांगेत पुढे होत्या. सासूबाई आणि मी ट्रॉलीजवळ. मी पुन्हा एकदा माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी तोच डावा हात वर केला.

"मास्तरीण आहे मी. मागच्या बाकावरचं पोरगं एकदम पहिल्या बाकावर येऊन बसलं, तर त्याला काही ना काही कारण असते, हे मला नाही कळत?"

"मग तुम्ही राहिलात कशाला?"

त्यांनी ट्रॉलीचा दांडा पदरानं पुसला. "हे गेल्यापासून 'राहा' म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, बाप्पा. अकोल्याला मी दार उघडते, मीच लावते. तुम्ही म्हणून राहिले होते, तर बरं वाटून राहिलं होतं. म्हटलं, असू द्या कारण. ऐकून तर घेऊ."

मी त्यांच्या पाया पडलो. विमानतळावर माणसं वळून पाहत होती आणि मी लहान मुलासारखा रडत होतो. मेधा मागे वळली आणि मंगळवारच्या त्या संध्याकाळी, तीन दिवसांत पहिल्यांदा, माझ्याशी थेट बोलली. "रुमाल घे," म्हणाली.

त्या शुक्रवारी अकोल्याला पोचल्या आणि रविवारी त्यांनी भाषण केलं. कुळकर्णी सरांनी स्वतः फोन करून सांगितलं की सभागृह उभं राहिलं, मुख्याध्यापिकाबाई रडल्या, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या अमेरिकेतल्या जावयाच्या गोष्टीला पडल्या. कुठली गोष्ट, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. टॅक्सचा फॉर्म मी त्या वर्षी निमूटपणे भरला. डिपेंडंटच्या रकान्यात फक्त रेवाचं नाव.

जानेवारीत शाळेची स्मरणिका टपालानं आली. मध्ये सासूबाईंचा सत्काराचा फोटो होता, शाल, श्रीफळ आणि पायात मेधाचे बूट. शेवटच्या पानावर विद्यार्थिनींसाठी 'बाईंचं गणित' होतं. मी मोठ्यानं वाचलं:

'एका गृहस्थाला आपल्या सासूबाई घरी १८३ दिवस हव्या होत्या. सासूबाई ८ मे रोजी आल्या व १८ ऑक्टोबर रोजी गेल्या. दोन्ही दिवशी त्या गृहस्थाच्याच घरी जेवल्या. तर गृहस्थाला किती दिवस कमी पडले? पायऱ्या दाखवा.'

मेधा हसता हसता खुर्चीवरून घसरली. मला मात्र राग आला नाही. उलट वाटलं, निदान हे उत्तर मला येतं. पाच महिने रोज फुल्या मारल्या होत्या. या विषयात माझ्याइतका तयार माणूस भूतलावर नव्हता. मी जुनं कॅलेंडर काढलं, ऑक्टोबरच्या अठरा तारखेखालचा आकडा पाहिला आणि लगेच अकोल्याला फोन लावला.

"आई, वीस."

"चूक."

"कसं चूक? एकशे त्रेसष्ट लिहिलंय माझ्याकडे. एकशे त्र्याऐंशीतून एकशे त्रेसष्ट गेले, राहिले वीस."

"एकशे चौसष्ट. तुम्ही नऊ मेपासून मोजून राहिले. आठ तारखेला संध्याकाळी मी तुमच्याकडं पिठलं-भात जेवले, तो दिवस कुठं गेला? तुमचं सरकारसुद्धा आल्या दिवसापासून धरते. त्या कागदांत लिहून होतं, मी वाचलं बँकेत."

म्हणजे ज्या एकाच गोष्टीकडे मी डोळ्यांत तेल घालून लक्ष दिलं होतं, ती पहिल्या दिवसापासून चुकली होती. मी खुर्ची ओढून बसलो.

"मग किती गुण, आई?"

 पेपरवर लाल पेन फिरल्याचा आवाज मला पार्सिपनीत ऐकू आला.

"दहापैकी चार," सासूबाई म्हणाल्या. "चारही पाहुणचाराचे. गणिताला काही देता आलं नाही, जावईबापू."